रूपालीच्या लॅपटॉपचं मराठी कुलूप

सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटांनी हैदराबादेत, मलकपेठेतल्या घरी, जेवणाच्या टेबलावर, रूपाली सोनकांबळे लॅपटॉपला पुन्हा तोच पासवर्ड देत होती आणि लॅपटॉप तो नाकारत होता. कुकटपल्लीच्या एका कंपनीत माहिती सुरक्षित कशी ठेवावी, हे ती इतरांना शिकवते. दहा वाजता नव्याने भरती झालेल्यांसमोर तिचं सत्र होतं. स्लाइड्स याच लॅपटॉपवर होत्या आणि फक्त याच्यावरच. बाहेर कुठेही प्रत ठेवू नये, हा नियम तिनेच लिहिलेला.

लॅपटॉपवर लिनक्स आहे. डिस्कचे दोन भाग, दोन्ही एन्क्रिप्ट केलेले, म्हणजे कुलूपबंद, दोन्हींना वेगळे पासवर्ड: एकात यंत्रणा, दुसऱ्यात तिच्या फायली. पहिला भाग उघडला. दुसरा उघडेना; थोडी वाट बघून मशीन काळ्या पडद्यावर थांबलं. तिने डिस्क तपासली. ठीक होती. सुरू होताना कोणता भाग उघडायचा ती सेटिंग तपासली. तीही ठीक.

"बिघडला का?" चहा ठेवत तातेरावांनी विचारलं. हे तिचे वडील; नांदेडचे, रेल्वेतून निवृत्त.

"अब्बी नक्को पप्पा, काम चालू आहे."

"पासवर्ड काय आहे?"

"सांगायचा नसतो."

"मग विसरलीस म्हण."

विसरली नव्हती. शेजारी बसणाऱ्याला येत नाही अशा भाषेतलं वाक्य पासवर्ड म्हणून घ्या, असं ती सत्रात सांगते. म्हणून रविवारी तिने फायलींच्या भागाला मराठी वाक्य दिलं, तेही देवनागरीत. हैदराबादेत जन्मलेल्या, इंग्रजी शाळेत शिकलेल्या रूपालीला ते लिहायला बराच वेळ लागला, त्यामुळे ते जास्तच सुरक्षित वाटलं. नंतरचे दिवस ती नुसतं झाकण मिटत होती. काल अपडेटनंतर मशीन पहिल्यांदा पूर्ण बंद केलं. आणि सुरू होताना त्या टप्प्यावर मशीनला इंग्रजी अक्षरांशिवाय काही टाइप करता येत नाही. तेच वाक्य टाइप करून ती सकाळपासून दार ठोठावत होती, पण आत इंग्रजी अक्षरंच पडत होती.

हे लक्षात आल्यावर तिने पेनड्राइव्हवरचं लिनक्स सुरू केलं आणि त्यात मराठी कीबोर्ड जोडला. टाइप केलेला पासवर्ड पडद्यावर दिसत नाही, आणि न बघता देवनागरी तिला जमत नाही. म्हणून वाक्य आधी कोऱ्या पानावर लिहिलं, तिथून उचलून पासवर्डच्या जागी चिकटवलं. पान उघडंच राहिलं. घरात मराठी सफाईने वाचणारा एकच माणूस, तो मागे उभा होता.

"पप्पा चोरून बालूशाही खातात," तातेरावांनी शांतपणे वाचलं. "चोरून कधी? डबा फ्रिजवरच असतो."

"मग शुगर किती आली, सांगा."

"ते राहू दे. उघडलं का?"

उघडलं. तिने इंग्रजी अक्षरांतला नवा पासवर्ड दिला, मराठी काढून टाकला, आणि लॅपटॉप नेहमीसारखा सुरू झाला. सत्राला ती वेळेत पोहोचली. शेजाऱ्याला न येणाऱ्या भाषेचा सल्ला देणारी स्लाइड तिने वगळली नाही. मेट्रोत बसल्या बसल्या तिच्याखाली एक ओळ वाढवली: अक्षरं इंग्रजीच ठेवा, आणि पासवर्ड बदलल्यावर मशीन एकदा बंद करून बघा. ऑफिसातल्या साहेबांना ती ओळ इतकी आवडली की संध्याकाळपर्यंत तिचा नियम झाला. उद्या सकाळी नऊला चौथ्या मजल्यावरचे सगळे लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केले जातील. देखरेखीला रूपाली.