मिक्सरवरचं कापड

अ‍ॅमस्टरडॅमजवळ डीमनला आम्ही राहतो, तिथे आमच्या वरच्या मजल्यावर एक इटालियन बाई राहते. साठीची, एकटी, बोटांना कायम रंग लागलेला. चित्रकार आहे. टोकियो, न्यूयॉर्क, कुठे कुठे तिची प्रदर्शनं लागतात. पण जिन्यात भेटते ती माझ्यासारखीच कचऱ्याची पिशवी घेऊन, त्यामुळे तिचं मोठेपण माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही.

दोन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी तिलाही बोलावलं. तिळगूळ दिला आणि वाण म्हणून ब्लाउजपीस. आता ब्लाउजपीसचं आपल्यात काय होतं ते कुणाला सांगायला नको. शिवत कुणीच नाही, नुसता या घरातून त्या घरात फिरतो. मी दिलेला तर पुण्यापासून तीन हात फिरून आलेला. तिला बिचारीला काय माहीत! त्यावर हात फिरवत ती म्हणाली, "तुमच्याकडे बायका एकमेकींना कापड देतात? किती सुंदर!"

दुसऱ्याच दिवशी तिने मला एक कापड आणून दिलं. जाडसर, पांढरट, त्यावर निळे-राखाडी पुसट पट्टे. मी तोंडभर थँक्यू म्हटलं आणि मनात म्हटलं, घ्या, हिने लगेच परतफेड केली! मिक्सर झाकायला बरोबर मापाचं होतं. घातलं मिक्सरवर. हळद उडाली, चटणी उडाली, की टाक मशीनमध्ये साठ डिग्रीवर. पट्टे पुसट होत गेले, मला काय त्याचं!

गेल्या ऑक्टोबरात ती खाली आली. अ‍ॅमस्टरडॅमला तिचं मोठं प्रदर्शन होतं, तिथून ते जपानला जाणार होतं. म्हणाली, "माझ्या आईच्या लग्नातली एक चादर होती. तिचे बारा तुकडे करून मी बारा चित्रं काढली. अकरा माझ्याकडे आहेत. तुला दिलेलं बारावं थोडे दिवस देशील?"

कापड माझ्या पाठीमागे, ओट्यावर. तोंडातून निघून गेलं, "ते मी आईला पाठवलं. पुण्याला."

तिचे डोळे भरून आले. "तुझ्या आईला? मग राहू दे तिच्याकडेच."

उद्घाटनाला गेले. भिंतीवर अकरा चित्रं आणि बाराव्याची जागा रिकामी. खाली पाटी: 'हे चित्र भारतात, एका आईकडे आहे.' लोक त्या रिकाम्या जागेसमोर थांबत होते, हळू आवाजात बोलत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

रविवारी सकाळी मिक्सरवरचं कापड काढलं, घडी केली आणि वर गेले. खरं सांगायचंच, असं ठरवून गेले होते. दार उघडल्यावर म्हणाले काय, तर "आईने परत पाठवलंय."

तिने घडी उलगडली. हळदीच्या डागावर बोट ठेवून म्हणाली, "हे वापरलंय."

"हो. आईने."

आईने! जी आलेल्या भेटीचा कागदसुद्धा फाडत नाही, घडी घालून कपाटात ठेवते, ती माझी आई.

"फोन लाव तिला," बाई म्हणाली. "मला तिचे आभार मानायचेत." व्हिडिओ कॉल लावला. आईने उचलला. बाईने कापड फोनसमोर धरलं आणि म्हणाली, "हे तुम्ही परत पाठवलंत, वापरलंत, धुतलंत. आभारी आहे."

आईने आधी कापडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

"सॉरी मॅडम," आई म्हणाली. "आय वॉश. माय मिस्टेक."

बाई हसत कॉफी करायला आत गेली. आई हळूच म्हणाली, "दर रविवारी व्हिडिओवर तुझ्या ओट्यावर बघते की मी ते. खरंच मला पाठवलं असतंस तर फ्रेम करून लावलं असतं गं."

मला रडू आवरेना. बाई कप घेऊन आली तेव्हा सगळं सांगून टाकलं. मिक्सर, साठ डिग्री, सगळं. आई फोनवर तशीच बसून होती. बाईने कप खाली ठेवले. कापडाबद्दल एक शब्द बोलली नाही. एवढंच विचारलं, "मग सॉरी तुझी आई का म्हणाली?"