ठोक्याची सम

ही हकिगत मी आजवर टाळली. कोणी ठोक्याची आठवण काढली की त्याचे दोन विनोद सांगून मी मोकळा व्हायचो. त्याचे हात कोणामुळे गेले, हे कधी सांगितलं नाही.

ठोक्या दिसेल त्यावर हात चालवायचा. बाकावर, पाटावर, माणसांच्या पाठीवर. मस्कतहून त्याने कीबोर्ड आणला आणि आमच्या जाखडी नाचातल्या गाण्यांचा ढोल त्यावर बसवला. खालच्या पट्ट्या धमधमायच्या, वरच्या झांजेसारख्या वाजायच्या. यंत्रात तयार ताल होते, पण बटण दाबून वाजणारा ताल त्याला चालत नसे. "मेलेल्याचा ताल तो. घाम नाय त्याला," म्हणायचा.

त्याच्या माजघरात आमचं रेकॉर्डिंग चाले. आधी एका टेपवर नुसता ढोल भरायचा. मग तो लावून मी गायचो आणि दुसरी टेप दोन्ही पकडायची. सम, म्हणजे तालाचा पहिला ठोका, माझ्याकडून चुकली की पाठीत गुद्दा बसे. "मेल्या, परत चुकलास तर दात पाडीन." एकदा त्याने माझा ओठ खरंच फोडला, आणि तसाच गायला लावला.

जाखडीत समोरच्या शाहिराची उणीदुणी काढायचीच असतात. तो उलट आपली काढतो, आणि शेवटी दोघे गळ्यात पडतात. मी मात्र कॅसेटसाठी समोरच्या एका शाहिराच्या बायकोवर गाणं जुळवलं. ती माहेरी का गेली यावर. ठोक्या वाजवता वाजवता थांबला. "नाचात तो उत्तर देल. हितं कोण देल?" मी ऐकलं नाही. कॅसेट चहाच्या टपरीवर दिवसभर वाजू लागली.

एका भरदुपारी तो शाहीर दोन भावांना घेऊन माजघरात घुसला. आम्ही नवं गाणं भरत होतो.

"बोल कोणाचे?"

"मी नुसता गायलो," मी म्हणालो. "बोल ह्याचे."

ठोक्याने माझ्याकडे पाहिलं. त्यांनी त्याचे हात पट्ट्यांवर दाबून धरले आणि कोपऱ्यातलं मुसळ उचललं. घाव बसत होते, पट्ट्या फुटत होत्या, आणि प्रत्येक घावाला आतून ढोल वाजत होता. टेप चालूच होती. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो.

ती कॅसेट मी संध्याकाळी खाडीत फेकली. तिच्यावर 'बोल ह्याचे' म्हणणारा माझा आवाज होता.

दवाखान्यात ठोक्या हात बांधून पडला होता. मला बघून म्हणाला, "तिघं मारीत होते रे. एक पण समेवर नाय आला." मी हसलो. तो पुन्हा कधी वाजवू शकला नाही.

तो अंथरुणाला खिळला तेव्हा शेवटचा भेटायला गेलो. माफीचे शब्द रस्ताभर जुळवले होते. वाकडी बोटं गोधडीवर हळूहळू आपटत होती.

"बोल काय ता," तो म्हणाला. "ये समेवर." बोटं थांबली.

मी म्हणालो, यंदा मोहोर बरा आहे.

त्याने हात कसाबसा उचलून माझ्या पाठीत गुद्दा घातला. जोर नव्हता त्यात. मी खाली बघत पुन्हा मोहोराचंच बोललो.