दिशाच्या शिक्षणाचा कौल

आमची पुतणी दिशा घोडेगावला दवाखान्यात नर्स. खोडदच्या आमच्या मेंढरं राखणाऱ्या घरात एवढं शिकलेली पहिलीच. दोन हजार सातच्या उन्हाळ्यात ती म्हणली, रजा घेऊन अजून फुडं शिकायचंय, पण कुठली तरी एकच शाखा धरायची. झालं! गावाला काम मिळालं. ज्याचं जे दुखतंय त्याला ती शाखा पायजे. धोंडाबाईचे गुडघे धरलेले, ती म्हणे हाडांचं शिक. सयाजीला दमा, तो छातीवर अडून बसला. मी तरी मागं का राहीन? मला बीपी, मी म्हणलं काळजाचं घे बाई.

पोरीच्या मनात मात्र मनाच्या आजाराची शाखा. तिचा बाप यमाजी, माझा धाकटा दीर, हे ऐकून भडकलाच. येड्यांच्या नर्सला कोण करून घेणार, बाळंतपणाचं शिक, चार घरं नाव घेतील, असं त्याचं म्हणणं. बाप ऐकंना, लेक ऐकंना. आमच्यात असं अडलं की भैरवनाथाला कौल लावायचा, मग बैल घ्यायचा असो न्हाईतर सोयरीक. देवाच्या दोनी खांद्यांवर ओलं फूल चिकटवायचं, आधी पडंल त्या बाजूला देवाचा शब्द. दिशाला हे पटत नव्हतं, पण बापाचा मान राखायला आली.

उजवं फूल बाळंतपणाचं, डावं मनाचं. उजव्या फुलावर माशी बसली तर यमाजी तिला हाकलीना. लबाड मेला! शेवटी उजवंच पडलं आन् त्यानं लगोलग नारळ फोडला. दिशा चपला घालायला निघाली. तिचे डोळे भरलेले बघून मला लई वाईट वाटलं.

तवा माझी जाऊ गजराबाई, दिशाची आय, बोलली. नवऱ्यापुढं कदी तोंड न उघडणारी बाई.

"माझं बाळंतपण झाक झालं व्हतं. नर्सबाई लई चांगली. पण फुडं दोन महिने मी हिला जवळ घेतलं न्हाई. निस्ती विहिरीकडं बघत बसायची."

मला ठावं व्हतं. तवा दिशाला मीच तर सांभाळली. आमाला वाटलं, गजराबाईला बाहेरचं लागलं. अंगारे लावले, उतारे टाकले, कौलावर कौल लावले. दिशाच्या कानावर यातलं कदी कुणी घातलंच नव्हतं. ती चपला हातात धरून आयकडं बघत राहिली.

यमाजी चाचरत म्हणाला, बरं, देवाला परत एकदा विचारू.

"देवाला लई डाव विचारलंत," गजराबाई म्हणाली. "आता एकदा मला विचारा."

यमाजीनं विचारलं. सगळ्यांदेखत, मान खाली घालून विचारलं. आन् दिशानं मनाच्या शाखेचा अर्ज भरला.