पेन्सिलीत राहिलेलं वाक्य

गौरवग्रंथात तक्रार करू नये असा संकेत आहे. तरीही संपादक मंडळाची क्षमा मागून मी ती आधीच नोंदवतो, कारण लेखाच्या शेवटी माझा धीर होणार नाही. आदरणीय बशीर नाखवा सरांच्या घरी गेल्या एकोणीस वर्षांत मला एकदाही गरम चहा मिळालेला नाही.

यात सरांच्या पत्नी हलीमाभाभींचा काडीचाही दोष नाही. त्यांचा चहा वाफाळताच बाहेर येतो, वेलची घातलेला, सोबत खारी. पण मी कपाला हात लावतो न लावतो तोच सर विचारतात, "कशावरून?" मी नुकतंच काहीतरी सहज बोलून गेलेला असतो. यंदा पाऊस लवकर आहे, किंवा अमुक गृहस्थ मोठे सज्जन आहेत, असलं काही. मग त्याचा पुरावा शोधण्यात मी गुंततो आणि इकडे चहावर साय धरते. पाठशाळेत असताना मी न्यायशास्त्रातली चार प्रमाणं घोकली होती : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. परीक्षेत पैकीच्या पैकी गुण पडले होते. पण त्यांचं करायचं काय असतं, हे मला बोर्ली पंचतनच्या एका निवृत्त भूगोल शिक्षकांनी थंड चहा पाजून शिकवलं.

आमची पहिली भेटही याच प्रश्नाने झाली. मी तेव्हा श्रीवर्धनला एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. (आजही आहे. प्रगती हा विषय आपण सोडून देऊ.) पावसाळ्याच्या तोंडाशी एक रिकामी होडी वाहत किनाऱ्याला लागली. आत तीन-चार पेट्या, आणि पेट्यांवर उजवीकडून डावीकडे लिहिलेला मजकूर. मी बातमी दिली : 'संशयास्पद होडी, पेट्यांवर गूढ मजकूर'. छापून आली त्या दिवशी दुपारी एक उंच, सडपातळ गृहस्थ माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. चेहरा हिरवट पडला होता. मला वाटलं रागाने. पुढे कळलं की एसटीच्या वळणांनी. पिढ्यान्‌पिढ्या गलबतं हाकणाऱ्या घराण्यात जन्मलेल्या या नाखव्यांना एसटीसुद्धा लागते, होडीचं तर नावच काढायला नको.

त्यांनी पाणी मागितलं, प्यायले, आणि कात्रण टेबलावर ठेवून विचारलं, "हा मजकूर आपण वाचलात?"

मी म्हटलं, मला ती लिपी येत नाही.

"मग गूढ कशावरून?"

सर स्वतः जाऊन पेट्या पाहून आले होते. त्यांवर लिहिलं होतं, 'खजूर. कोरड्या जागी ठेवावा.' माझ्या त्या एका विशेषणामुळे, होडी पहिल्यांदा पाहणारे दोघे कोळी सकाळपासून चौकीत बसले होते. सर मला तिथे घेऊन गेले आणि हवालदारांसमोर माझ्या तोंडून वदवून घेतलं की वार्ताहरांना ही अक्षरं येत नाहीत. कोळी सुटले. बाहेर आल्यावर आता कानउघाडणी होणार म्हणून मी मान खाली घालून चालत होतो. सरांनी फक्त एवढंच विचारलं, "शिकायचीत का?" पुढची दोन वर्षं दर रविवारी मी त्यांच्या ओटीवर अलिफ-बे गिरवले. तेव्हापासून ते मला 'शास्त्रीबुवा' म्हणतात. त्यात कौतुक किती आणि चिमटा किती, याचा पुरावा मी अजून गोळा करतो आहे.

सरांच्या पुस्तकांविषयी या गौरवग्रंथात अधिकारी मंडळी लिहितीलच. मी वार्ताहराच्या भाषेत सांगतो. दूरच्या एका डोंगराळ मुलुखातल्या युद्धात जन्मलेलं, धर्माच्या नावाने बंदूक उचलणारं एक जाळं. ते कसं विणलं गेलं, देशोदेशी कसं पसरलं, फाटलं, नव्या नावांनी पुन्हा कसं जोडलं गेलं, याचा मराठीतला पहिला सविस्तर इतिहास सरांनी लिहायला घेतला. 'गाठी' आणि 'दोर' हे दोन खंड प्रसिद्ध आहेत. तिसऱ्याची आपण सगळे वाट पाहतो आहोत. या विषयावरची पुस्तकं बहुधा वाचकाला घाबरवतात, नाहीतर चेतवतात. सरांची पुस्तकं वाचकाला कुतूहलात टाकतात. व्यासपीठावरून हौतात्म्याची भाषणं करणारे पुढारी खासगी पत्रांत एकमेकांवर रुसलेले असतात, छावणीत ब्लँकेटं कमी पडल्याच्या तक्रारी करतात, आपलं टोपणनाव दुसऱ्याने उचललं म्हणून चिडतात. 'गाठी'तली ही प्रकरणं वाचताना मला हसू आलं, आणि मग हसू आल्याची भीती वाटली. ही माणसं राक्षस असती तर किती सोपं झालं असतं.

त्याच खंडात जाळ्यात भरती होणाऱ्यांकडून घेतल्या जाणाऱ्या एका अर्जाचं वर्णन सरांनी केलं आहे. नाव, वय, शिक्षण, येणाऱ्या भाषा. आणि शेवटी एक रकाना : 'घरी काय सांगून आलात?' बहुतेकांनी तो कोराच सोडला होता. सरांनी त्या कोऱ्या रकान्यावर चार पानं लिहिली आहेत. माझ्या मते ती मराठी गद्यातली उत्तम पानं आहेत. कशावरून, असं सर विचारतील. त्यांनी ती पुन्हा वाचून पाहावीत.

त्यांची कामाची रीत मी जवळून पाहिली आहे. गावातल्या प्रत्येक लग्नाची पत्रिका सर जपून ठेवतात, हिंदूंची, मुसलमानांची, सगळ्यांची. कारण पत्रिकेची मागची बाजू कोरी असते. त्या जाळ्यातल्या एकेका माणसाला एकेक पत्रिका. जी गोष्ट एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन ठिकाणी सापडली, ती निळ्या शाईत. जी एकाच ठिकाणी मिळाली, ती पेन्सिलीत. दुसरा पुरावा येईपर्यंत पेन्सिलीवर शाई चढत नाही आणि पेन्सिलीतलं अक्षर छापखान्यात जात नाही. त्यामुळे जगभरचे खतरनाक लोक सरांच्या घरी बिस्किटांच्या डब्यांत नांदतात, आणि प्रत्येकाच्या पाठीवर कुणाचा ना कुणाचा शुभविवाह असतो.

या उद्योगाबद्दल सरांना दोन्हीकडून ऐकावं लागलं. बोर्लीच्या बाजारात त्यांचे एक व्यापारी नातलग म्हणाले होते, घरचं उणं चव्हाट्यावर कशाला आणता? सर म्हणाले, "घरचं म्हणता, तर मग आधी घरात वाचायला नको?" अलिबागेत एका सभेनंतर एक गृहस्थ त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, तुम्ही त्या समाजाचे असून हे लिहिलंत, फार कौतुक वाटतं. सरांनी अतिशय नम्रपणे विचारलं, "कितव्या पानापर्यंत आलात?" गृहस्थांनी पुस्तक अजून विकतही घेतलेलं नव्हतं. साध्या वेषातले एक अधिकारीही एकदा चौकशीला येऊन गेले. तीन तास बसले, थंड चहा प्यायले आणि 'गाठी'ची एक प्रत वाचायला घेऊन गेले. ती अजून परत आलेली नाही. ते मनापासून वाचताहेत अशी सरांची श्रद्धा आहे.

सरांचा कोरडेपणा वरवरचा आहे, हे मला चक्रीवादळाच्या वर्षी कळलं. आमची पोफळीची वाडी त्या दिवशी दोन तासांत आडवी झाली. माझे वडील अंगणात खुर्ची टाकून पडलेल्या झाडांकडे बघत बसले. ते जेवायलाही उठेनात. तिसऱ्या दिवशी, एसटी अजून बंद असताना, सर डोक्यावर गोणपाट घेऊन चालत आले. मागून एक हातगाडी, आणि तिच्यावर बिस्किटांचे डबे. त्यांच्या घरावरची कौलं उडाली होती, पत्रिका भिजून लगदा व्हायला आल्या होत्या. आमच्या अंगणात, जिथे दरवर्षी सुपारी वाळते, तिथे त्यांनी एकेक पत्रिका पसरली आणि वडिलांना म्हणाले, "भाऊ, माझी नजर आता कमी पडते. एवढं नीट वाळवून लावून द्याल का?"

सरांची नजर तेव्हा उत्तम होती. वडील उठले. आठवडाभर ते पत्रिका उलटत, वाचत आणि लावत होते. मध्येच मला हाक मारून विचारत, अरे, हा माणूस त्या दुसऱ्याचा मेहुणा लागतो का रे? पाचव्या दिवशी त्यांनी स्वतःहून भात मागितला.

त्या पत्रिकांचं मात्र भलतंच झालं होतं. शाई पाण्यात विरघळून निळे डाग उरले होते आणि पेन्सिलीची अक्षरं जशीच्या तशी होती. सर ते बघून हसले. "शास्त्रीबुवा, सिद्ध होतं ते सगळं धुऊन गेलं. शंका तेवढ्या राहिल्या." मग पुढची तीन वर्षं त्यांनी सगळे पुरावे पुन्हा शोधले.

आता तिसऱ्या खंडाविषयी. तो का अडला आहे, असं लोक मला विचारतात. सरांच्या परवानगीने सांगतो.

सरांच्या वर्गात एक मुलगा होता. भूगोलात पहिला यायचा, नकाशा न बघता किनारपट्टी काढायचा. पुढे नोकरीसाठी आखातात गेला आणि तिथून त्या जाळ्यात. बऱ्याच वर्षांनी एक निरोप आला की तो तिकडेच वारला. निरोप आणणाऱ्यानेही तो तिसऱ्याकडून ऐकला होता. सरांनी हे सगळं काम ज्या प्रश्नासाठी हाती घेतलं तो एवढाच आहे : आपल्या वर्गातल्या तिसऱ्या बाकावरून माणूस तिथपर्यंत पोचतो कसा? तिसऱ्या खंडाचं शेवटचं प्रकरण त्याच्यावर आहे. त्याच्या आईला, मरियमखालांना, वाचून दाखवल्याशिवाय ते छापायचं नाही असं सरांनी ठरवलं होतं. तीन वर्षांपूर्वी ते वाचायला गेले तेव्हा मी बरोबर होतो.

दुपारची वेळ होती. खाला ओटीवर सुपात सुक्या कोळंबीचे सोडे निवडत बसल्या होत्या. सरांनी त्यांना त्रास नको म्हणून मुलाचं नाव घातलं नव्हतं, 'किनाऱ्यावरचा एक तरुण' असं लिहिलं होतं. पहिल्याच पानाला खालांनी थांबवलं.

"नाव घाला, मास्तर. नाव न्हाय घातलात तर गावातल्या सगळ्या पोरांवर जाईल. माजा एकच होता."

सरांनी खिशातून पेन काढून नाव घातलं. ते नाव मी इथे देत नाही. खालांनी परवानगी तिसऱ्या खंडापुरती दिली आहे.

पुढचं वाचन शांतपणे चाललं. शेवटी वाक्य आलं : 'त्याला फसवून नेण्यात आलं.' खालांचे हात सुपात थांबले.

"कशावरून?"

हा प्रश्न सरांना कुणी विचारलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"फसवला म्हनून लिवलात तर मलाच बरा वाटंल," खाला म्हणाल्या. "पन तो येडा न्हवता. तुमीच शिकवलात ना त्याला? मला बोलला मस्कतला जातो, मी सोडे बांधून दिले. मनात काय होता ता मला ठाव न्हाय. तुमाला हाय?"

सर म्हणाले, "नाही."

"मग कशाला लिवता?"

खालांच्या पुतणीने आणलेला चहा तोवर गार झाला होता. सरांनी तो तसाच एका घोटात संपवला, खिशातून खोडरबर काढलं आणि तिथेच ओटीवर ते वाक्य खोडलं. ते पेन्सिलीत लिहिलेलं होतं. बाहेर आल्यावर मी विचारलं, आता तिथे काय घालणार? सर म्हणाले, कळेल तेव्हा घालू. तेव्हापासून ते शोधताहेत. पत्रं पाठवतात, निवाडे वाचतात, आखातातून सुटीवर आलेल्या माणसांशी बोलतात. मुलाच्या पत्रिकेवर नाव, गाव आणि शाळेचं वर्ष शाईत आहे. बाकी सगळं पेन्सिलीत, तो गेल्याचा निरोपसुद्धा. हे खालांना माहीत आहे. त्या दर ईदेला सरांच्या घरी येतात आणि फक्त एवढंच विचारतात, "अजून पेन्सिलच ना?" सर हो म्हणतात. मग त्या शिरखुर्मा खाऊन घरी जातात.

सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. अशा वेळी शंभरीची इच्छा करायची चाल आहे. मी आकडा सांगत नाही, सर पुरावा मागतील. त्यांचे डोळे, त्यांचा हात आणि त्यांचा तो प्रश्न पुष्कळ वर्षं शाबूत राहोत. हलीमाभाभींच्या चहाला साय धरत राहो, माझी तक्रार मी मागे घेतो. एसटीचे रस्ते तेवढे सरळ व्हावेत.

या इच्छेत माझा स्वार्थ आहे, तो सांगून थांबतो. गेल्या महिन्यात सरांनी मला बोलावून बिस्किटांचे डबे दाखवले आणि म्हणाले, माझ्यानंतर तिसरा खंड तुम्ही छापायचा. मी हो म्हटलं. आणि तेव्हापासून मला झोप नीट लागत नाही. मी वार्ताहर आहे. संध्याकाळी पाचला बातमी जावी लागते, अर्धं वाक्य कार्यालयात चालत नाही, आणि जे माहीत नाही ते मी इतकी वर्षं कुठलं ना कुठलं विशेषण घालून पुरं करत आलो आहे. सर नसतील आणि कदाचित खालाही नसतील. त्या खोडलेल्या वाक्याची मोकळी जागा समोर असेल आणि माझ्या खिशात नेहमीप्रमाणे पेन असेल. ती जागा मी मोकळी ठेवू शकेन की नाही, हे मला खरंच माहीत नाही.