सिस्टरांची अकरा लेकरं

भीती नावाची वस्तू देव माणसांना वाटून देत होता, त्या दिवशी आमच्या घरमालकीणबाई ड्युटीवर असाव्यात. त्यांच्या वाट्याला ती आलेलीच नाही. छत्तीस वर्षं त्यांनी भोकरच्या आसपासच्या खेड्यांतून नर्स म्हणून काढली आणि निवृत्त होऊन नांदेडला स्वतःच्या दुमजली घरात राहायला आल्या, तरी गल्लीतला लहानथोर त्यांना सिस्टरच म्हणतो. मीही म्हणतो. मी मूळचा लातूरचा. नांदेडच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो, बायको तिकडे लातूरला नोकरी करते, आणि मी सिस्टरांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो. भिंतीवर पाल दिसली की पलंगावर चढून बसणारा माणूस आहे मी. म्हणजे देवाने सिस्टरांचा वाटाही कुणाला दिला, हे वेगळं सांगायला नको.

त्यांच्या धाडसाच्या गोष्टी गल्लीत पुष्कळ. एकदा म्हणे भोकरहून येणाऱ्या एसटीत एका बाईला कळा सुरू झाल्या. सिस्टरांनी गाडी बाभळीखाली उभी करायला लावली आणि झाडून सगळे पुरुष खाली उतरवून गाडीकडे पाठ करून रांगेत उभे केले. त्यांत ड्रायव्हर, कंडक्टर आणि एक फौजदारही होता. बाळ रडेपर्यंत एकाचीही मान वळली नाही. हे खरं का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "फौजदार वळायला होता. म्या वरडले मग सरळ उभा ऱ्हायला."

मागच्या वर्षी शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर पाया खणायला जेसीबी आला. आरडाओरडा ऐकून मी गॅलरीत आलो. खाली एक मजूर फावडं उगारून उभा होता. त्याच्यासमोर ढेकळावर तळहाताएवढा केसाळ, तपकिरी कोळी पुढचे दोन पाय वर करून उभा होता. आणि दोघांच्या मधे सिस्टर.

"फावडं खाली ठेव! बाळंतीण हाय ती, दिसत न्हाई का?"

कोळ्याच्या पोटाखाली खरंच लिंबाएवढी पांढरी पिशवी होती. टॅरंटुला म्हणतात तो हा प्रकार, हे मी नंतर मोबाइलवर वाचलं आणि त्या दिवशी जेवलो नाही. सिस्टरांनी मात्र ती बाळंतीण पिठाच्या डब्यात घालून घरी आणली. यंत्राचा मार लागलेला होता. आठव्या दिवशी ती गेली. मागे पिशवी राहिली. मग सिस्टर दिवसातून चार-पाच वेळा ती पिशवी चमच्याने हळूच कुशीवर वळवायच्या. "आई असती तर तिनं फिरविली असती. एकाच अंगावर ऱ्हायली की अंडी नासतेत." हे ज्ञान त्यांनी कुठून मिळवलं, कोण जाणे. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आईपण काय निराळं असतंय का, सर?"

महिन्याभराने पिशवीतून पन्नासेक पिल्लं निघाली. चालायला लागली तशी त्यांतली धडधाकट सिस्टरांनी कंधारजवळच्या आपल्या शेताच्या बांधावर नेऊन सोडली. अकरा मात्र किरकोळ अंगाची होती. ती त्यांनी ठेवून घेतली. प्रत्येकाला वेगळी डबी. डब्या लघवी तपासायला देतात त्या झाकणाच्या; कोऱ्या आहेत, हे त्यांनी मला तीनदा बजावून सांगितलं. झाकणाला सुईने भोकं, तळाशी नारळाचा भुसा, वर चिकटपट्टीवर नंबर. वेगळ्या डब्या कशाला, असं मी विचारलं. "एकत्र ठेवले की एकमेकाला खाऊन टाकतेत. सख्खी भावंडं हायत ना," त्या शांतपणे म्हणाल्या. केळी मुद्दाम सडवून त्यावर त्या चिलटं जमवत, ड्रॉपरने पाण्याचा एकेक थेंब देत, आणि कुणी खाल्लं, कुणी तोंड फिरवलं, कुणी कात टाकली, हे लसीकरणाच्या रजिस्टरसारख्या वहीत रोज उतरवत. मी दाराबाहेरूनच चौकशी करायचो.

"कामून भेता, सर? कालेजात शिकविताव ना तुमी?"

"मी मराठी शिकवतो, सिस्टर."

"मग मराठीत भेऊ नका."

मग उन्हाळा लागला आणि पुण्याहून लेकीचा फोन आला. एकुलती एक लेक, पहिलं बाळंतपण, सातवा महिना संपत आलेला. सिस्टरांचा फोन कायम स्पीकरवर असतो, त्यामुळे जिन्यात उभ्या मलाही सगळं ऐकू आलं. "आई, त्या घरात एक जरी कोळी असला ना, तर मी पाऊल टाकणार नाही. इथंच दवाखान्यात नाव घालते." अर्ध्या तालुक्याच्या लेकी त्यांच्या हातावर बाळंत झाल्या होत्या, आणि स्वतःची लेक परक्या हातात जाणार होती. पिल्लं बाहेर सोडावीत, तर त्या उन्हात ती दोन दिवसांत वाळून गेली असती.

संध्याकाळी त्या जिना चढून वर आल्या. हातात स्टीलचा ट्रे, ट्रेमध्ये अकरा डब्या.

"सर, एक काम होतं."

विनंतीच्या सुरात बोललेल्या सिस्टर मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या. माझ्या तोंडातून हो निघून गेलं.

खाली लेक राहायला आली, आणि पुढचे दोन महिने वर मी कसे काढले, माझं मला ठाऊक. पहिले आठ दिवस मी दिवा न मालवता झोपलो. मग सडक्या केळ्यांचा वास सवयीचा झाला, आणि कोणती डबी कुणाची हे नंबर न वाचता ओळखू यायला लागलं. तीन नंबर भुकेला, नऊ नंबर लाजरा. बायकोला सांगितलं, परीक्षांचं काम आहे, लातूरला येणं जमणार नाही. खरं कारण कळलं असतं, तर तीच मला घेऊन दवाखान्यात गेली असती.

अशाच एका रविवारी सकाळी सिस्टर लेकीला घेऊन दवाखान्यात गेल्या. दुपारी मी डब्या पाहायला बसलो, तर सात नंबर उताणा पडलेला, आठही पाय वर. कळा सुरू असलेल्या लेकीजवळ बसलेल्या आईला असली बातमी कशी द्यायची? तरी फोन लावला.

"पाय पोटाशी घेतलेत का पसरलेत?" पलीकडून पहिला प्रश्न.

"पसरलेत. उताणा आहे."

"मग मरायला न्हाई, कात टाकायलाय. हात लावू नका, डबी हलवू नका. नुस्तं बसा जवळ."

मी बसलो. दीड तास. आधी काहीच होईना. मग कोळ्याच्या अंगावरचं झाकण सुटल्यासारखं झालं, आणि त्या जुन्या कातडीतून एकेक पाय, मोज्यातून काढावा तसा, जोर लावून, मधेच थांबून, दम घेऊन, पुन्हा जोर लावून बाहेर यायला लागला. शेवटचा पाय सुटला तेव्हा तिथे दोन कोळी होते. एक पोकळ, आणि दुसरा दुधाळ, ओलसर, इतका कोवळा की फुंकर लागेल म्हणून मी श्वास धरला. मी मराठी शिकवणारा माणूस. मला एक शब्द सुचला नाही.

फोन वाजला.

"झालं का, सर?"

"झालं, सिस्टर. आठही पाय सलामत."

"हितं बी झालं. पोरगी हाय. दोन हात, दोन पाय, समदं सलामत." आणि त्या बाईचा आवाज, त्या फौजदाराला उभा करणाऱ्या बाईचा आवाज, कापला.

पावसाळा स्थिरावला तेव्हा पिल्लं रुपयाएवढी झाली होती. लेक पुण्याला परत निघाली, तिची नोकरी सुरू होणार, आणि नातीला सांभाळायला सिस्टर बरोबर जाणार, असं ठरलं. निघायच्या आधी माझ्या मोटरसायकलवर ट्रे मांडीवर घेऊन त्या कंधारच्या शेतावर आल्या. बांधाच्या सावलीत ओल्या मातीच्या भेगा होत्या. त्यांनी एकेक डबी लांब लांब नेऊन आडवी केली. सात नंबरची डबी त्यांनी माझ्या हातात दिली. तो बाहेर आला, क्षणभर पुढचे पाय मातीवर चाचपले आणि भेगेत उतरला. मी वाकून पाहत राहिलो. सिस्टर म्हणाल्या, "चला आता. मागं बघून उपेग न्हाई." पण ट्रॅक्टरच्या रस्त्याला लागेपर्यंत त्यांनीच दोनदा मागे पाहिलं.

खालच्या मजल्याला आता कुलूप आहे. सिस्टरांचा रविवारी फोन येतो. नात पालथी पडायला लागली, दूध कुठलं चांगलं नाही, लिफ्टमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही. परवा बोलता बोलता थांबल्या, आणि तक्रार करावी तशा म्हणाल्या, "लई साफ घर हाय हो पोरीचं, सर. कोपरान् कोपरा बगितला. एक साधा कोळी न्हाई."

"येईल एखादा, सिस्टर," मी म्हटलं.

"सोळावा मजला हाय," त्या म्हणाल्या. "कुठून येईल बिचारा."