पेन्सिलकाकांची वही

पेन्सिलकाकांनी माझ्या डोक्याला ताप दिला नाही, असा एक दिवस गेला नाही. बायोकेमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं नोकरी, कानावर पेन्सिल, आणि तोंडात एकच पालुपद, "ताई, नळीवर पेनाने लिहू नका. कागदी पट्टी लावा, पेन्सिलीने लिहा." सकाळी एकदा, दुपारी एकदा. शिवाय रोज घरी जाण्याआधी प्रत्येकाच्या रॅकमधल्या नळ्यांची नावं ओळीने वहीत उतरवून घ्यायची. सांगितलं होतं कोणी? नसती उठाठेव.

मी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. छत्तीस रोपांचा डीएनए काढला होता, तीन महिने मान मोडून. डिग्री त्या छत्तीस नळ्यांवर टांगलेली. त्या सगळ्या एका नव्या रॅकमध्ये लावल्या, आणि त्याच संध्याकाळी बघते तर काका माझा रॅक हातात घेऊन, चष्मा कपाळावर चढवून नावं वाचतायत. माझं टाळकंच सरकलं.

"काका, माझ्या रॅकला हात लावायचा नाही. एकदाच सांगते."

"बरं ताई," म्हणाले. वाद नाही, काही नाही. पट्ट्या चिकटवत बसायला मला वेळ नव्हता. झाकणांवर निळ्या पेनाने लिहिलेलं होतं, तेच राहू दिलं.

सादरीकरणाला चार दिवस उरले. फ्रीझरमधून रॅक काढला, झाकणांवर बर्फ साचलेला. स्वच्छतेचा किडा वळवळला आणि मी स्पिरिटचा बोळा फिरवला, चांगला खसाखसा. बोळा निळा झाला. छत्तीस झाकणं कोरी करकरीत, आत सगळीकडे पाण्यासारखं पाणी.

बोळा हातात घेऊनच काकांकडे धावले. "काका, तुमची वही." त्यांनी वही काढली, पान उलटलं, माझ्यापुढे धरलं. वर माझा रॅक नंबर, खाली अकरा दिवसांच्या तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे एकच शब्द, 'मनाई'.

रोपं केव्हाच वाळली होती. माझ्या गाईड मॅडमनी कपाळाला हात लावला, "पुढच्या सत्रात बसा," म्हणाल्या. म्हणजे पुन्हा बी पेरण्यापासून. काकांनी वही मिटून जागेवर ठेवली. चांगलं झापलं असतं तर बरं वाटलं असतं, पण तेवढंही सुख नाही.

दोन महिन्यांनी नव्या नमुन्यांचा पहिला रॅक भरला. पट्ट्या लावल्या, पेन्सिलीने लिहिलं. घरी जायच्या वेळी काका टेबलापाशी येऊन उभे राहिले, हात पाठीमागे बांधून.

"ताई, आता हात लावू का?"