गाण्याखालचा आवाज

समुद्रपूर तालुक्यात लग्नाचं शूटिंग करणारे आता गल्लोगल्ली झाले, पण कॅसेटच्या काळापासून हे काम करत आलेला मी एकटाच उरलो आहे. शिक्षण चौथी. इंग्रजी अक्षरं मी कॅमेऱ्याच्या बटनांवरून शिकलो, आणि हे सांगायची मला लाज वाटत नाही. चाळीस वर्षांत माझ्या हातून कुणाच्या लग्नाचं शूटिंग हरवलं नव्हतं. लोक म्हणत, त्याच्याकडे दिलं म्हणजे बँकेत ठेवलं.

त्याचं गुपित साधं होतं. मूळ कॅसेट मी कधी कुणाला लावू दिली नाही. कॅसेट जितकी लावाल तितकी घासते. म्हणून तिची एक नक्कल करायची, तीच गिऱ्हाइकाला द्यायची, आणि मूळ कॅसेट प्लास्टिकमध्ये गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवायची. कपाटाची किल्ली माझ्या करदोड्याला. आमच्या घरातही हीच रीत होती. चांगली वस्तू वापरायची नाही, जपायची.

पुढे कॅसेट गेली, मेमरी कार्ड आलं आणि मिक्सिंग कॉम्प्युटरवर गेलं. मिक्सिंग म्हणजे शूटिंगची कापाकापी करायची, फुलं उडवायची, गाणी लावायची. माझी मुलगी वर्ध्याला शिक्षिका आहे, तिनं मला ते शिकवलं. पहिल्यांदा घेतली ती साधी हार्ड डिस्क. आत चकती फिरते, कान लावला तर घरघर ऐकू येते. तिच्यावर मिक्सिंग करताना चित्र जागोजागी अटकायचं. नवरीनं हार उचलला की तो गळ्यात पडेपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा. एक दिवस ती टेबलावरून पडली, खट्‌खट् करत राहिली आणि मेली. कार्डावरचं पुसलं नव्हतं म्हणून त्या खेपेला वाचलो.

मग एसएसडी घेतली. साबणाच्या वडीपेक्षा लहान. आवाज नाही, फिरणं नाही, आणि मिक्सिंग असं की पाण्यासारखं. दोनदा हातातून पडली, काहीच झालं नाही. अशी चीज मी आयुष्यात पाहिली नव्हती. चार वर्षं मी तिच्यावर बैलासारखं काम केलं, आणि मग मनात आलं की इतकी पक्की वस्तू रोज राबवायची कशाला? हिच्यात तर ठेवणीतलं ठेवावं.

मुलगी दिवाळीला आली होती. तिला सांगितलं तर तिनं कपाळावर हात मारला.

"बाबा, उलटं करून राह्यले तुमी. ही कामाले चांगली हाय. ठेवाले साध्या मोठ्या हार्ड डिस्क घ्या. दोन घ्या, दोन्हीत सारखंच भरा, आन एक माझ्या घरी ठेवा."

"दोन काऊन?"

"एक गेली तं दुसरी राह्यते."

"माझी काऊन जाईन? चाळीस वर्षांत गेली का?"

"तुमची जात नाई, हे डिस्कले माहीत हाय का?"

हसली ती. मला ते हसणं झोंबलं. म्हटलं, "लोकाच्या लेकीबाळीचं शूटिंग तुझ्या सासरी ठेवू? हळदीचं, नहानाचं? उद्या कोन पाहीन, कोनाच्या फोनात जाईन?"

"मी कुलूप लावून ठेवतो ना बाबा."

"कुलूप माझं पायजे."

"मंग नेटवर ठेवा."

"हो, म्हनजे साऱ्या दुनियेलेच दे."

तिनं तो विषय सोडला. तेव्हा मला वाटलं मी जिंकलो. आजही सांगतो, लोकांच्या मुलींची अब्रू ही माझ्याकडची अमानत होती, त्यात मी चुकीचं बोललो नव्हतो. पण त्या अमानतीची दुसरी बाजू मला दिसली नाही.

शेवटच्या दोन सीझनचा सगळा कच्चा माल मी त्या एसएसडीत भरला. कच्चा म्हणजे कॅमेऱ्यातून निघाला तसा, न कापलेला, गाणं न लावलेला. कार्डं पुसली. डिस्क मऊ कपड्यात गुंडाळली, डब्यात घातली आणि दुकानावरच्या टिनाच्या खोलीत कपाटाला कुलूप लावलं. त्याच वर्षी डोळ्यात मोतीबिंदू आला, शूटिंग बंद झालं. त्यानंतर दोन उन्हाळे ते कपाट उघडलं नाही.

यंदा होळी झाल्यावर एक बाई दुकानात आली. मी ओळखलं नाही. तिनंच सांगितलं की तिचं लग्न मी केलं होतं, म्हणजे शूटिंग. वडील भाजीपाला करायचे, बाजारात बसायचे. वडील म्हटल्यावर मला लगेच आठवलं. समुद्रपूरच्या बाजारात त्यांची हाक तीन दुकानं ओलांडून ऐकू यायची. वांगी घ्यायची नसली तरी माणूस थांबायचा.

"काकाजी, बाबा गेले थंडीत," ती म्हणाली.

मी तिला खुर्ची दिली.

"आई रोज तुमचं शूटिंग लावते. बाबा त्याच्यात पंगतीत फिरून राह्यले, लोकायले वाढून राह्यले, बोलून राह्यले. पन वरून गानं हाय. बाबाचा आवाजच येत नाई."

"फोनात नाई का कुठं?"

"रोज बोलत होतो फोनवर. रेकॉर्ड कोन करते जी? आई म्हनते, मले त्याईचा आवाज आठवून नाई राह्यला. काल झोपेतून उठली आन रडाले लागली, म्हने, त्यायचं तोंड दिसते पन आवाज दुसऱ्याचाच येते. काकाजी, तुमच्याजवळ बिनगाण्याचं असन ना?"

मी छाती पुढे करून म्हणालो, "बाई, माझ्याजवळ नसन तं कोनाजवळ असन? सोमवारी ये. बापाचा आवाज घेऊन जा."

हेच शब्द. मला अजून ऐकू येतात.

ती गेल्यावर मी जिना चढलो. कुलूप उघडलं, डबा काढला. डिस्क नवी कोरी दिसत होती, धुळीचा कण नाही. खाली येऊन लावली. कॉम्प्युटरवर काहीच आलं नाही. वायर बदलली. दुसऱ्या भोकात लावली. एकदा नाव दिसलं, मी टाळी वाजवली, आणि उघडायला गेलो तर कॉम्प्युटर विचारे, फॉरमॅट करायची का, म्हणजे सगळं पुसायचं का? मी 'नाही' दाबलं. पुन्हा लावली, पुन्हा तेच विचारलं. नंतर नंतर तर तो विचारायचाही बंद झाला.

सोमवारी ती आली. मी म्हणालो, डिस्क गंज आहेत, ढीगभर, शोधून राह्यलो. पुढच्या सोमवारी म्हणालो, लाइट नव्हती. त्या दिवशी लाइट होती, माझ्या डोक्यावर पंखा फिरत होता आणि ती त्याच्याकडे पाहत होती. खाली मान घालून गेली. मी इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाशी खोटं बोललो नव्हतो, आणि बोललो तेही असं की पोरीनं डोळ्यांनी पकडलं.

माझ्या मुलीला फोन केला. वाटलं ती म्हणेल, सांगितलं होतं ना. तसं काही ती म्हणाली नाही. फक्त विचारलं, "बाबा, तिची दुसरी कॉपी कुठंच नाई?" मी फोन ठेवून दिला. मग तिनंच नागपूरच्या एका माणसाचा पत्ता पाठवला, जो मेलेल्या डिस्कमधून माल काढतो.

सकाळच्या एसटीनं गेलो. डिस्क शर्टाच्या आतल्या खिशात, वर हात ठेवून. त्या माणसाचं टेबल घड्याळजीसारखं होतं. त्यानं डिस्क उघडली, भिंगातून पाहिली, आपल्या मशीनला लावली आणि मला दोन तास बसवलं. मग हिंदी-मराठी मिसळून म्हणाला,

"काकाजी, ये कुठं ठेवली होती?"

"कपाटात. टिनाच्या खोलीत."

"आखरी बार कधी लावली?"

"दोन वर्षं झाले. हात नाई लावला. जपून ठेवली ना."

तो मान हलवायला लागला. "याच्यात चकती नसते. करंट साठवून ठेवलेला असते, बारीक बारीक. कामानं ही आधीच थकली होती. वरून दोन उन्हाळे टिनाखाली, एकदा पन लाइट नाई दिली. तो करंट उतरून गेला. चकतीवाली असती तं मी आतून काही खरडून काढलं असतं. याच्यात काय काढू?"

"म्हनजे बॅटरीसारखं?"

"वैसाच समझो."

मी म्हणालो, "पुन्हा पाहा." त्यानं पुन्हा पाहिलं. मी म्हणालो, "तुम्हाला येत नसन." त्यावर तो चिडला नाही, दुसऱ्या दुकानाचा पत्ता दिला. तिथंही गेलो. तिथंही तेच.

परतताना खिडकीबाहेर पाहत होतो, पण दिसत काही नव्हतं. जी वस्तू मी पडली तरी फुटत नाही म्हणून निवडली, ती न पडताच गेली. कॅसेटचा शहाणपणा मी तिला लावला. कॅसेट वापरली की झिजते. ही झिजली कामानं आणि मेली बसवून ठेवल्यानं, दोन्हीकडून मीच. आणि सगळ्यात जास्त मला टोचत होतं ते दुसरंच. ते गाणं. पंगतीवर गाणं कुणी लाव म्हटलं नव्हतं. सगळेच लावत होते, मीही लावलं. माणसाच्या आवाजाला आम्ही लोक गोंगाट म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईच्या माहेरच्या गावी गेलो. ती तिथंच होती, आईजवळ. रिकाम्या हातानं जायची लाज वाटली म्हणून लॅपटॉप नेला, आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर राहिलेलं, गाणं लावलेलं तयार शूटिंग. काय करणार होतो त्याचं, मलाही माहीत नव्हतं.

आई छपरीत बसून मेथी निवडत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. म्हटलं, बाई, माझ्याकडून गेलं. डिस्क खराब झाली. एकच होती. लाइट नव्हती असं म्हणालो होतो तेही खोटं होतं.

मुलगी तोंड फिरवून आत गेली. आईनं मेथीची काडी मोडली.

"तुमी तिथं गानं काऊन लावलं जी?" तिनं विचारलं.

"सारेच लावते," एवढं म्हणालो.

"त्याईच्या आवाजापक्षा चांगलं होतं का ते गानं?"

मी खाली बसलो. मेथी बाजूला सारून ती म्हणाली, "ते पेटी आनली तं लावा आता. गानं बंद करून लावा."

मी लॅपटॉप उघडला, आवाज बंद केला. पंगत दिसायला लागली. ते गृहस्थ हातात भाताचं टोपलं घेऊन वाकत वाकत पुढे सरकत होते, तोंड चालू होतं. मुलगी आतून येऊन मागे उभी राहिली. आई पडद्याकडे वाकून ओठ वाचायला लागली. "इथं म्हनते, सावकाश होऊ द्या... इथं म्हनते, पोट्टेहो, फेकू नका." मुलगी हसली, नाक पुसलं. "आई, शिवी देऊन राह्यले ते आचाऱ्याले." "हो, भात चिकट झालता ना," आई म्हणाली.

मग एका ठिकाणी ते थांबतात, कॅमेऱ्याच्या बाजूला पाहतात आणि दोन शब्द बोलतात.

"मांगं घ्या. हळू करा."

मी हळू केलं.

"हे मले म्हनते. मी तुमच्या बाजूले उभी होती, खांबाजवळ. तू जेवली का, म्हनते."

मुलगी म्हणाली, "आई, तसं वाटते फक्त."

"तीस वर्षं हे तोंड पाह्यलं मी." मग ती माझ्याकडे वळली. "तुमच्या कानात ते वायर राह्यते ना शूटिंगच्या टाइमले? तुमी तं ऐकलं असन. तेच म्हनले ना ते?"

हेडफोन माझ्या कानात होता. माझ्या कानातून तो आवाज गेला होता. पण मी आवाज कमी-जास्त आहे का एवढंच पाहत होतो, शब्द ऐकत नव्हतो. हो म्हटलं असतं तर ती बाई सुखी झाली असती. दोन आठवडे मी तिच्या पोरीशी खोटंच बोलत आलो होतो, आणखी एक सोपं होतं. जिभेवर आलंही.

"मला आठवत नाही, बाई," मी म्हणालो.

ती पुन्हा पडद्याकडे वळली. मग म्हणाली, "मले दिसते ना. तुमाले नाई आठवत तं नाई." आणि मुलीला म्हणाली, पेन ड्राइव्ह आण. "हे गाण्याबिगरचं करून द्या एक. मुकं तं मुकं."

मी तिथंच बसून ते करून दिलं. लॅपटॉप जुना, वेळ लागला. मधे त्यांनी चहा दिला. झाल्यावर मी पेन ड्राइव्ह तिच्या हातात ठेवला आणि उठलो. ती म्हणाली, "थांबा जी." तिनं मुलीकडून तो टीव्हीला लावून घेतला, पंगत सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली, काढला, पुन्हा लावून पुन्हा पाहिली, आणि मगच मला जा म्हणाली. माझ्या शब्दावर तिचा भरवसा राहिला नव्हता, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं.